माईंची धाबळी

माईंच्या घरात कुणी कुणाला कधी शिवायचे आणि कधी शिवायचे नाही, हे मांजरालासुद्धा ठाऊक आहे, असे गल्लीतले लोक हसून म्हणत. माईंना त्या हसण्याचा राग येत नसे; उलट ते प्रशस्तिपत्रच वाटे. कमानिया गेटच्या मागल्या अंगाचे ते भाड्याचे घर तसे बेताचेच. खाली दोन खोल्या, त्यांच्या मागे स्वयंपाकघर आणि न्हाणी, आणि अरुंद जिना चढून गेले की एक माडी. पण सासरच्या मंडळींनी सागरच्या मराठी सुभ्यात चाकरी धरली तेव्हापासून चालत आलेले सोवळे माईंनी जबलपुरात, हिंदी शेजारात, वैधव्य आल्यावरही तसूभर ढळू दिले नव्हते.

सकाळी स्नान झाले की त्या धाबळी नेसत. धाबळी म्हणजे सोवळ्यात नेसायचे लोकरीचे वस्त्र. माईंची धाबळी त्यांच्या सासूबाईंकडून आलेली, गडद किरमिजी, काठाशी थोडी विरलेली. ती नेसूनच त्यांचा स्वयंपाक आणि देवपूजा होई, आणि दोन्ही आटोपले की ती काठीच्या टोकाने उचलून उंच वलणीवर जाई. सुती लुगडे रोज धुवावे लागते, कारण सुताला विटाळ चिकटतो. लोकरीला आणि रेशमाला तो चिकटत नाही. म्हणून धाबळी धुवायची नसते. हे माईंना कुणी मुद्दाम शिकवले नव्हते. चालायला लागण्याच्या वयातच ते अंगात मुरले होते. त्या वलणीखालून जाताना सून कुंदा आपोआप मान खाली घालत असे. आठ वर्षांच्या संसारात तिने धाबळीला कधी बोट लावले नव्हते.

लढाई ऐन भरात होती. माईंचा एकुलता एक मुलगा रत्नाकर तोफगाड्यांच्या कारखान्यात कामगारांवर देखरेख करणारा चार्जमन होता आणि दुहेरी पाळीने पार वाळून गेला होता. कारखान्याचा भोंगा आता वेळी-अवेळी वाजे. रस्त्यावर लष्करी लॉऱ्यांची रीघ लागलेली असे. रॉकेलपासून साखरेपर्यंत सारे काही रांगेत उभे राहून मिळायचे, आणि लोकरीचे कांबळे तर बाजारात नावालासुद्धा उरले नव्हते. होते नव्हते ते सगळे पलटणींनी उचलले होते.

अशा त्या माघातल्या थंडीत अच्युतचा घसा दुखू लागला.

अच्युत सहा वर्षांचा. एरवी ताटात पडेल ते संपवून बहिणीच्या वाटीवर डोळा ठेवणारा मुलगा, पण त्या दिवशी मऊ भाताचा घासही त्याच्याने गिळवेना. माईंनी हळद-मीठ घालून गुळण्या करवल्या. कुंदाने चमच्याचा दांडा जिभेवर दाबून आत पाहिले आणि ती मागे सरकली.

"माई, पांढरं काही आहे. सायीसारखं. चिकटून बसलंय."

ओमती मोहल्ल्यातून हेमचंद्रबाबू आले. पिकलेल्या मिशांचे, जुन्या कोटातले हे बंगाली डॉक्टर माईंच्या यजमानांच्या अखेरच्या आजारापासून घरचेच झालेले. त्यांनी खिडकीपाशी मुलाचे तोंड उघडून पाहिले, मग गळ्याची सूज चाचपली आणि बॅग उघडली.

"डिप्थेरिया है, माईजी. आपकी बोली में क्या कहते हैं इसको?"

"घटसर्प," माई म्हणाल्या. शब्द उच्चारताना त्यांचा आवाज हलला नाही. त्यांच्या माहेरी या दुखण्याने एकाच महिन्यात तीन पोरे नेलेली त्यांनी पाहिली होती.

हेमचंद्रबाबूंनी सुई टोचली. लढाईमुळे ते औषध शहरात मिळेनासे झाले होते. त्यांच्याजवळ एकच कुपी उरली होती आणि ती अच्युतच्या मांडीत रिकामी झाली. हात पुसत ते बाहेरच्या खोलीत आले. जिन्याच्या पायरीवर कुंदा धाकट्या ज्योतीला पोटाशी धरून उभी होती.

"यह कितने की है?"

"दोनची व्हायची आहे," माईंनी सांगितले.

"लड़का दवा के सहारे लड़ लेगा. पर इसे बचाइए. इसे लग गया तो मेरे पास दूसरी शीशी नहीं है." त्यांनी आतल्या खोलीकडे बोट केले. "कोई किसी को न छुए. इस कमरे का कपड़ा, बर्तन, कुछ भी उबले बिना बाहर न जाए." मग त्यांच्या मिशा जराशा हलल्या. "लेकिन आपको क्या सिखाना. ओमती में घर-घर समझाकर थक गया हूँ कि दूर रहो, दूर रहो. आपके यहाँ तो सौ साल से यही चल रहा है."

माईंची मान ताठ झाली. ज्या सोवळ्याला शिकलेसवरलेले लोक तोंड लपवून हसत, त्याची गरज आज एका डॉक्टरला पडली होती. एक पोर दुखण्याच्या हाती लागले होते. दुसरे लागू द्यायचे नव्हते. आणि हे काम या घरात आपल्याइतके कुणालाही करता येणार नाही, याबद्दल त्यांच्या मनात तिळभरही शंका नव्हती.

त्यांनी कोळशाने जिन्याच्या पायथ्याशी रेघ ओढली.

"तू ज्योतीला घेऊन वर जा. खाली यायचं नाही. जे लागेल ते मी जिन्यात ठेवीन."

"माई, त्याच्यापाशी मी राहते," कुंदा म्हणाली. "तुम्ही ज्योतीला पाहा."

"ज्योती अंगावर पिते ना अजून?"

"झोपताना."

"मग? तू त्याचं तोंड पुसणार आणि तिला पदराखाली घेणार. काहून विचारतेस असं, माहीत असून?"

"तो मला बोलवून राहिला, माई."

"बोलवू दे. आजी आहे त्याला."

कुंदा गेली नाही. तशीच उभी राहिली. आतल्या खोलीतून घोगरा, चिरकलेला आवाज आला, "आई गं." कुंदाचा पाय रेघेच्या अलीकडे पडला. माई आडव्या आल्या. त्यांनी सुनेला हात लावला नाही; नुसत्या दाराच्या चौकटीत उभ्या राहिल्या, आणि आठ वर्षांत ती चौकट ओलांडायचे धैर्य कुंदाला जसे कधी झाले नव्हते तसे ते त्या दिवशीही झाले नाही. ती वळली आणि माडीवर गेली.

पण वरच्या पायरीवर बसून ती बोलू लागली. तिथून अच्युतची खाट दिसत नव्हती; आवाज मात्र पोचत होता. "अच्चू, आज किनी, गच्चीवर माकड आलं होतं. त्यानं ज्योतीचं झबलं पळवलं." खालचे रडणे थांबले. माईंनी मान वर करून पाहिले. कुंदा घाबरून गप्प झाली.

"बोल," माई म्हणाल्या. "आवाजानं काही लागत नाही. माकडाचं पुढं काय झालं ते सांग त्याला."

मग ते रोजचेच झाले. माकड कमानिया गेटवर चढले, हलवायाच्या दुकानात शिरले, कारखान्यात जाऊन रत्नाकरच्या साहेबाची टोपी घालून बसले. खाटेवर पडून अच्युत ऐके, आणि सहाणेवर औषध उगाळता उगाळता माईही ऐकत.

रत्नाकर घरी आला तेव्हा त्याला दाराबाहेरच थांबावे लागले. माई खिडकीत आल्या.

"तू तुझ्याबरोबरच्या मुरलीधरकडे राहा. कारखान्याच्या क्वार्टरात."

"मुलाला पाहू तरी दे, माई."

"पाहून काय करशील? डॉक्टर आहेस तू? इथली हवा अंगावर घेऊन शंभर माणसांत जाशील, आणि तिथलं काही इकडं आणशील. कपडे ओट्यावर ठेवते, घेऊन जा."

रत्नाकर खिडकीच्या गजाला टेकला. डोळे तारवटलेले, बोटांना काळे तेल. "साहेबाला कळलं तर तोही आत घेणार नाही. कारखान्यात जागा नाही, घरात नाही. भोंग्यावरच चढून बसतो आता." तो हसण्याचा प्रयत्न करत होता, हे माईंना दिसले. "कुंदा कशी आहे?"

"माकडाच्या गोष्टी सांगून राहिली," माई म्हणाल्या आणि त्यांनी खिडकी लावून घेतली. लावल्यावर मात्र त्या बराच वेळ कडीवरचा हात न काढता तिथेच उभ्या होत्या.

त्या दिवसांत माईंनी जे केले ते पाहून हेमचंद्रबाबूंसारख्या माणसानेही मान डोलावली. अच्युतच्या खोलीत जाताना एक सुती लुगडे; बाहेर आल्यावर ते उकळत्या पाण्याच्या हंड्यात, आणि माई डोक्यावरून स्नान करून मोकळ्या. मुलाचा पेला, वाटी, चमचा, अंगपुसणे, उशीचा अभ्रा, सारे हंड्यात. रजयांची शिवण उसवून त्यांनी खोळी उकळल्या आणि कापूस उन्हात पसरला. सोड्याने त्यांच्या हातांची साले निघाली. शेजारची पुष्पा ओट्यावर भाजी ठेवून लांबूनच ओरडे, "माईजी, थोड़ा आराम कर लीजिए," आणि माई आतून म्हणत, "घटसर्प आराम करून राहिला का?" स्नानानंतर वलणीवरची धाबळी काढून, ती नेसून, त्या वरच्या दोघींचा स्वयंपाक करत आणि ताट जिन्यात ठेवत. त्या ताटावर दुखण्याची सावलीही पडलेली नाही याची त्यांना खात्री असे.

अच्युतचा ताप उतरू लागला. घशातला पडदा सुटू लागला आहे, असे डॉक्टर म्हणाले. मात्र त्याच वेळी एखादा तुकडा श्वासनळीत अडकू शकतो, म्हणून डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायला त्यांनी बजावले.

आणि झालेही तसेच. माई चुलीपाशी होत्या. भात रटरटत होता. आतून खोकल्याची उबळ आली आणि एकाएकी तुटली. तो तुटलेला आवाज ऐकताच माई उठल्या आणि होत्या तशा धावल्या. अच्युत खाटेवर उठून बसला होता, ओठ निळे, हात हवेत. त्यांनी त्याला मांडीवर पालथा घेतला, पाठीवर थापट्या मारल्या, तोंडात बोट घातले. पोराने एक मोठी उबळ दिली आणि आतला राखाडी चिवट लोळा रक्ताच्या धाग्यांसकट त्यांच्या मांडीवर पडला. मग त्याने श्वास घेतला. त्या श्वासाचा आवाज किती खरखरीत होता, आणि तो कानांना किती गोड वाटला, हे ज्या बाईने आपले लेकरू असे परत मिळवले आहे तिलाच समजेल. माईंनी पदराच्या शेवाने त्याचे तोंड पुसले, त्याला छातीशी आवळला आणि इतक्या वर्षांत प्रथमच स्वयंपाक चुलीवर करपू दिला.

जिन्याच्या मधल्या पायरीवर दुधाची वाटी न्यायला आलेली कुंदा उभी होती. उघड्या दारातून तिने सगळे पाहिले.

"आहे," माई तिच्याकडे न बघता म्हणाल्या. "आहे तुझा मुलगा. जा वर."

नंतर माईंनी अंगावर पाणी घेतले. मांडीवर जे पडले होते ते त्यांनी ओल्या फडक्याने निपटून काढले आणि फडके चुलीत टाकले. धाबळी झटकली आणि काठीने वलणीवर चढवली. दुसरा काही विचार त्यांच्या मनाला शिवला नाही. धाबळी ती धाबळी.

त्या संध्याकाळी ढग आले आणि मावठाचा अवकाळी पाऊस सुरू झाला. दोन दिवस सूर्य दिसला नाही. उकळलेल्या खोळी दोरीवर ओल्या गच्च लोंबत होत्या, कापूस आत आणून ढीग घालावा लागला होता. वर माडीत पत्र्याच्या फटींतून वारा शिरत होता आणि ज्योती थंडीने कुडकुडत होती.

"माई," कुंदाने जिन्यातून हाक दिली, "काही पांघरायला आहे का? माझं लुगडं दुहेरी करून घातलं, तरी हातपाय गार पडून राहिले तिचे."

माईंनी घर धुंडाळले. कोरडे म्हणून जे काही होते ते अच्युतच्या खोलीतले होते, आणि तिथली चिंधीही माडीवर जाणार नव्हती. त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या. मग त्यांनी काठी घेतली.

धाबळी हातावर घेऊन त्या जिन्याशी आल्या तेव्हा कुंदाला कळेना की हे काय चालले आहे. ज्या वस्त्राखालून जाताना मान लववायची, ते माई तिच्यापुढे धरत होत्या.

"घे."

"ही? माई, ही तर..."

"घे म्हणते ना. या घरात याहून शुद्ध काही नाही. गुंडाळ तिला. डोकंही झाक."

कुंदाने हात पुढे केला, पण तो अर्ध्यावर थांबला. तिची नजर धाबळीच्या पदराशी गेली आणि तिथून माईंच्या तोंडाकडे. ओठ हलले. माईंना वाटले, सुनेला गहिवरून आले आहे. आणि खरे सांगायचे तर त्यांनाही भरून आले होते. आयुष्यात कुणाला द्यावे असे जे एकच वस्त्र त्यांच्याजवळ होते, ते त्यांनी नातीसाठी वलणीवरून उतरवले होते.

"काहून उभी आहेस? पोर गारठली ना तिकडे."

कुंदाने धाबळी घेतली आणि वर गेली. थोड्या वेळाने ज्योतीचे किरकिरणे थांबले. माई खाली पाटावर बसल्या आणि बऱ्याच दिवसांनी त्यांनी भिंतीला पाठ टेकली.

ऊन परत आल्यावर दोन-तीन दिवसांत अच्युत उशीला टेकून बसू लागला. मग एका सकाळी वरून माकडाची गोष्ट आली नाही. अच्युतने दोनदा विचारले, "आजी, आई काहून बोलत नाही?" माई कोळशाच्या रेघेपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"कुंदा."

 मग पाऊल वाजले. कुंदा वरच्या पायरीवर आली. तिच्या कडेवर ज्योती होती, मान आईच्या खांद्यावर टाकलेली.

"दूध घेत नाही," कुंदा म्हणाली. "तोंडाशी धरलं की रडते."

माईंनी रेघ ओलांडली.

हेमचंद्रबाबूंनी पाहिले आणि बॅग उघडलीच नाही. रत्नाकरला कारखान्यात निरोप गेला. दोन दिवस तो सायकलवरून शहरभर फिरला. ओमतीत, गोल बाजारात, एकेका औषधाच्या दुकानात. कुणी सांगितले की कटनीला मिळेल, कुणी म्हणाले छावणीत विचारा. छावणीच्या फाटकावर त्याने हात जोडले, आपण तोफगाड्या बनवतो हेही सांगितले. तिथल्या शिपायाने त्याला सावलीत बसवले, पाणी दिले आणि आत जाऊन रिकाम्या हातांनी परत आला. दुसऱ्या दिवशी दुपारी रत्नाकर घराच्या दारात उभा राहिला तेव्हा माईंनी त्याला अडवले नाही. तेवढ्यावरूनच त्याला काय ते कळले.

ज्योती त्या दुपारी गेली. बाहेर लख्ख ऊन पडले होते आणि गल्लीत कल्हईवाला ओरडत होता. शेवटी तिला रडायलाही आवाज उरला नव्हता. कुंदाने तिला पदराखाली घेतले होते, आणि तिने ओठ हलवणे थांबवल्यावरही कुंदा कितीतरी वेळ तशीच बसून राहिली. कुणी तिला सोडवले नाही.

हेमचंद्रबाबू पुन्हा आले होते; शेवटी तेच पुढे झाले. मुलीला उचलताना त्यांचा हात किरमिजी लोकरीला लागला.

"यह क्या है?"

"माझी धाबळी," माई म्हणाल्या.

"नीचे से आई है?"

"वलणीवरून. सोवळ्यातली आहे."

"आप पहनती हैं इसे? लड़के के कमरे में भी?"

माईंनी नाही म्हणायला तोंड उघडले. त्यांच्या डोळ्यांपुढे करपलेला भात आला, मग निळे ओठ, मग मांडीवर पडलेला तो लोळा.

"एकदा," त्या म्हणाल्या.

"उबाली थी?"

"धाबळी उकळत नाहीत, डॉक्टर," माई म्हणाल्या.

वाक्य तोंडातून सुटले आणि खोलीत तसेच राहिले. माईंनी ते स्वतःच्या कानांनी ऐकले.  हेमचंद्रबाबूंनी धाबळीची गुंडाळी मुलीपासून अलग केली आणि मुलीला रत्नाकरने आणलेल्या धुतल्या धोतरात ठेवले. जिना उतरताना ते थांबले आणि मागे वळून, एरवी ज्या आवाजात ते कधी बोलत नसत अशा आवाजात म्हणाले, "माईजी, कहीं से भी आ सकता था. आपके गले से, मेरे हाथ से. कोई नहीं बता सकता. आप यह मत सोचिए."

ते भले गृहस्थ होते. माईंना त्यांचा भलेपणा त्या घडीला सोसवला नाही.

इतक्या लहान मुलाला अग्नी देत नाहीत. रत्नाकर आणि मुरलीधर तिला टांग्यातून नर्मदेवरच्या ग्वारीघाटाकडे घेऊन गेले. टांगेवाल्याने घोड्याच्या गळ्यातली घुंगरे काढून ठेवली होती.

घरात आता रेघेचे काम उरले नव्हते. वर कुणी नव्हते ज्याला खालच्यापासून जपायचे. कुंदा सरळ अच्युतच्या खोलीत गेली, खाटेच्या कडेला बसली आणि त्याचे डोके मांडीवर घेतले. किती दिवस तो हेच मागत होता. त्याने आईचा हात गालाखाली धरला आणि विचारले, "ज्योती झोपली?" कुंदा म्हणाली, "हो." तो म्हणाला, "मग माकडाचं सांग." कुंदाने सांगायला सुरुवात केली, आणि तिला काही केल्या माकड कुठवर आले होते ते आठवेना.

दुसरे दिवशी सकाळी चूल पेटली नाही. माई पहाटे उठल्या नाहीत, म्हणजे त्या झोपल्याच नव्हत्या. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी सुती लुगड्यात, पारोशा, बसून होत्या. अंगणात हंडा होता. त्यात त्यांनी धाबळी उकळायला टाकली होती, आणि विस्तव कधीच विझून गेला होता. कुंदा आतून आली आणि समोर भिंतीशी बसली. दोघींच्या मध्ये रिकामी चूल.

"माझ्या हातानं गेली ती," माई म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, आज्ञा द्यावी तसा. दुसरा आवाज त्यांना येत नव्हता. "डॉक्टर काही म्हणोत. मी दिली धाबळी. सगळं घर उकळलं आणि तेवढं एक सोडलं. तुला मला जे बोलायचं असेल ते बोल. रत्नाकर यायच्या आधी बोल."

 कुंदा म्हणाली, "मी पाहिलं होतं."

"काय?"

"तुम्ही धाबळी नेसून आत गेल्या होत्या, अच्चूचा श्वास अडकला तेव्हा. त्याच्या घशातलं सगळं तुमच्या मांडीवर पडलं. मी जिन्यात होते ना. पाहिलं मी." ती फरशीकडे बघत होती. "तुम्ही धाबळी पुढे केली, तेव्हा मला ते आठवलं. माझा हात थांबला होता, माई."

माईंना तो अर्ध्यावर थांबलेला हात दिसला. हललेले ओठ दिसले.

"मग बोलली का नाहीस?"

हा प्रश्न त्यांनी दरडावून विचारला नव्हता. पण कुंदाने मान वर केली आणि तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, दुःखही त्या क्षणी नव्हते. नुसते आश्चर्य होते, की हे माईंनी विचारावे.

"तुम्हाला कोण सांगणार, माई?" ती म्हणाली. "तुमच्या सोवळ्याबद्दल? या घरात?"

माई तिच्याकडे पाहत राहिल्या. आठ वर्षे ही मुलगी त्यांच्या स्वयंपाकघरात वावरली होती. मिठापासून मुलांच्या बारशापर्यंत जे जे माईंनी सांगितले ते ते तिने मान डोलावून केले होते, आणि माईंना वाटत आले होते की हे आपल्या शिस्तीचे फळ आहे. फळ हे असे होते. या पोरीच्या तोंडाशी आलेला एक शब्द त्यांच्या दबदब्याने परत घशात ढकलला होता, आणि तो शब्द ज्योतीचा जीव होता.

"मलाच समजायला हवं होतं," कुंदा म्हणाली. "मी आई होते. मी नाही म्हणायला हवं होतं. तुम्ही हाकललं असतं तरी."

"हाकललं असतं," माई म्हणाल्या. खोटे बोलायची सवय त्यांना नव्हती. "चार दिवस पाणीसुद्धा घेतलं नसतं तुझ्या हातचं." त्या थांबल्या. "पण पोर राहिली असती."

तेव्हा कुंदा रडली. आदल्या दिवसापासून ती रडली नव्हती. माई उठून तिच्यापाशी गेल्या नाहीत. आपल्याला तसे करायचा हक्क उरला आहे की नाही हे त्यांना ठरवता येईना. त्या तशाच बसून सुनेचे रडणे ऐकत राहिल्या, त्यातला एक हुंदकाही चुकवला नाही.

आतून अच्युतची हाक आली. भूक लागली होती त्याला. किती दिवसांनी तो आपणहून मागत होता. डॉक्टरांनी सांगितले होते की अजून बरेच दिवस त्याला खाटेवरून उठू द्यायचे नाही. या दुखण्यानंतर हृदय नाजूक होते, आणि बरे झालेले मूलही हातचे जाऊ शकते.

माईंनी सवयीने दुधाच्या पातेल्याकडे हात नेला. मग हात तसाच हवेत राहिला. त्यांनी आपल्या सोललेल्या बोटांकडे पाहिले, उंबऱ्याकडे पाहिले, आणि कुंदाकडे वळल्या.

"काय करू ते सांग," त्या म्हणाल्या.

कुंदाने पदराने तोंड पुसले. एवढ्या वर्षांत या बाईला कधी काही सांगितले नव्हते. शब्द जड आला, पण आला.

"आधी हात धुवा, माई. साबणानं."

माई उठल्या आणि न्हाणीकडे गेल्या.